तारेची आस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचं नाव दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलं. १८१० मध्ये त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. पुढे राहुट्यांच्या जागी वाडे आले, पेठा वसल्या. माधवगंज आणि जिवाजीगंज ही वस्त्यांची नावं आजही शिंदे घराण्याची ओळख सांगतात. याच जिवाजीगंजात एका जुन्या घराचं संग्रहालय झालं आहे. त्याचं नाव ‘सरोद घर’. दरबारचे सरोदवादक हाफिज अली खाँ यांचं हे पिढीजात घर. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ १९४५ साली ग्वाल्हेरातच जन्मले.

तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: आस. तार छेडल्यावर तिचा सूर जितका वेळ जिवंत राहतो, ती त्या वाद्याची आस. गिटारवाले तिलाच सस्टेन म्हणतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं, घ्यायची तर सूर निदान मींड संपेपर्यंत टिकायला हवा. षड्जावरून निघालेली मींड गांधारापर्यंत पोचण्याआधीच विझली, तर ऐकणाऱ्याला वाट दिसते, मुक्काम लागत नाही. आज गिटार-सिंथेसायझरचा पेडल पायाखाली घेऊन बसणाऱ्या वादकाची तक्रार नेमकी हीच असते. आवाज ऑर्गनसारखा भरदार येतो, पण मध्येच थरथरतो आणि तुटतो. ही अडचण जुनी आहे, आणि तिच्याशी झुंज दिलेलं वाद्य जिवाजीगंजातल्या त्या घरात आहे.

सरोदाचा पूर्वज अफगाणी रबाब. त्याला आतड्याच्या तारा आणि लाकडी पट्टी. बोल खणखणीत, पण सूर आखूड. अफगाणिस्तानातून आलेल्या बंगश कुटुंबातले गुलाम अली खाँ ग्वाल्हेरच्या दरबारात होते. रबाबाचा सरोद करण्याचं श्रेय हाफिज अली खाँचं हे बंगश घराणं त्यांना देतं. दुसरी परंपरा ते नियामतुल्ला खाँ यांना देते. श्रेय कुणाचंही असो, बदल काय झाला ते स्पष्ट आहे: लाकडी पट्टीवर धातूचा पत्रा चढला आणि आतड्याच्या जागी पोलादी तारा आल्या. मऊ लाकूड तारेचं कंपन शोषून घेतं, गुळगुळीत धातू कमी शोषतो. बंगश घराण्यात तार बोटाच्या मांसल भागाने न दाबता नखाच्या कडेने दाबतात. तेही याच कारणासाठी, कारण मऊ बोट तारेची शक्ती खाऊन टाकतं. नखांना खाचा पडतात, ती सारखी घासून नीट करावी लागतात, तरीही वादक हा त्रास घेतात.

इतकं करूनही सरोदाची आस बेताचीच राहते, आणि त्याचं कारण त्याच्या पोटावर मढवलेलं कातडं. छेडताना तारेला जेवढी शक्ती मिळाली तेवढीच तिची पुंजी. कातडं ती झटकन हवेत टाकतं, म्हणून सरोदाचा आघात दणकट आणि सूर अल्पायुषी. न छेडताच झंकारणाऱ्या तरफेच्या तारा मागे गुंजत राहतात आणि पोकळी थोडी भरून काढतात. मोठा आवाज आणि लांब आवाज एकाच पुंजीतून मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

याच ग्वाल्हेरात या कोड्याची दुसरी बाजूही गाजली. शिंदे घराण्यातले भैया गणपतराव हार्मोनियमवर ठुमरी वाजवत, आणि मौजुद्दीन खाँसारखे गायक त्यांच्या तालमीत तयार झाले. हार्मोनियमला आसेची ददात नाही. भाता चालू आहे तोवर सूर आहे. पण तिथे मींड नाही, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडीच मारावी लागते. १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली, त्यामागे हाही एक आक्षेप होता. तारेला मींड आहे पण श्वास नाही, भात्याला श्वास आहे पण मींड नाही. गिटार-सिंथेसायझर हे या दोघांना एकत्र आणण्याचं यंत्र आहे, आणि म्हणूनच ते आपल्या संगीताच्या फार जवळचं आहे.

१९७७ साली रोलँड कंपनीने जीआर-५०० हा गिटार-सिंथेसायझर बाजारात आणला. त्याच्या गिटारमध्ये चुंबकाच्या जोरावर तारेलाच सतत हलतं ठेवण्याची सोय होती, म्हणजे आस मुळाशीच वाढवलेली. पुढे १९८० च्या जीआर-३०० वर गिटारवादक पॅट मेथेनीने सनई-तुतारीच्या जातीचे लांब सूर काढले. १९८२ च्या ‘ऑफरॅम्प’ या अल्बममध्ये ते ऐकायला मिळतात. त्या काळी तारांचं कंपन टिपणारा खास पिकअप लागे. बॉस कंपनीचा एसवाय-१ हा २०१९ चा छोटा पेडल साध्या गिटारच्या साध्या वायरवर चालतो, त्यामुळे हे सूर आता कुठल्याही गल्लीतल्या वादकाच्या आवाक्यात आले आहेत.

पण पेडल म्हणजे भाता नव्हे. तो आधी तार ऐकतो: कुठला सूर आहे आणि किती जोरात आहे. मग त्याबरहुकूम स्वतःचा आवाज घडवतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा हलते, म्हणजे तिचा एक फेरा पुरा व्हायलाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ तरी पेडलला सूर ओळखायला द्यावा लागतो. तार मंदावत गेली की एक क्षण असा येतो, जिथे पेडलला सूर आणि खरखर यांतला फरक कळेनासा होतो. सूर तुटतो तो इथे. म्हणून नुसता अ‍ॅम्पचा आवाज वाढवून आस वाढत नाही. तुटलेलाच सूर मोठा ऐकू येतो.

उपाय पेडलच्या आधी करायचे असतात. पहिला कॉम्प्रेसर. तो आघाताचं टोक दाबतो आणि शेपटीला उचलून धरतो, त्यामुळे पेडलला सूर जास्त वेळ ओळखता येतो. बॉसने १९८६ साली काढलेल्या सीएस-३ च्या नावातच कॉम्प्रेशनच्या जोडीला सस्टेनर हा शब्द आहे. मात्र तो अती चढवला तर तारेबरोबर विजेची गुणगुणही उचलली जाते. मानेजवळचा पिकअप निवडला आणि टोनचं बटण थोडं उतरवलं, तर मूळ सूर ठळक आणि उपस्वर मंद होतात. पेडलची गल्लत कमी होते. न वाजणाऱ्या तारा तळहाताने शांत ठेवाव्यात. सरोदाला शोभणाऱ्या तरफेच्या गुंजनाने हे यंत्र गोंधळतं. खरखर थांबवणारा नॉइज गेट साखळीत असेल तर तोच सुराची शेपटी कापत नाही ना, हेही तपासावं.

प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे पेडल मात्र सिंथच्या नंतर. तुटलेल्या सुराच्या कडा ते मऊ करतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ‘फ्रीझ’ तर सुराचा एक क्षण पकडून पाय उचलेपर्यंत धरून ठेवतो. आधारस्वरासाठी तो सुंदर आहे. मींडेसाठी नाही, कारण धरलेला सूर जागचा हलत नाही. मींडेला हवा ‘ई-बो’. उजव्या हातात धरायचं हे छोटं उपकरण तारेला न शिवता चुंबकाने हलवत ठेवतं आणि गिटारला गजाची आस देतं.

आणि खुद्द गिटार? भरीव लाकडाची गिटार आपली शक्ती हवेत कमी टाकते, म्हणून तिची आस सरोदापेक्षा कितीतरी लांब. ती वाया घालवणारी कारणं घरगुती असतात: गंजलेल्या तारा, झिजलेले पडदे, सैल घोडी, तारेच्या फार जवळ चढवलेला पिकअप. पिकअपचं चुंबक तारेला ओढतं, तिचा डोल बिघडवतं आणि सूरही किंचित डळमळवतं; पेडलला तो डळमळीत सूरच खरा वाटतो. दोन-चार मिलिमीटर पिकअप खाली उतरवायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

नवा पेडल घेण्याआधी एक तपासणी करावी. सगळे पेडल बंद करून तिसऱ्या तारेवर एक सूर छेडायचा आणि विझेपर्यंत सेकंद मोजायचे. मग तीच तार पडद्याच्या अगदी मागे, ठाम बोटाने दाबून पुन्हा मोजायचे. मग नव्या तारा चढवून, मग कॉम्प्रेसर लावून, आणि सगळ्यात शेवटी सिंथ सुरू करून. षड्जावरून गांधारापर्यंतची मींड कितव्या पायरीला पुरी होते, ते वहीत लिहून ठेवायचं.