मुखसौंदर्य आणि सुईनें भरलेलें तारुण्य

सुंदर दिसावें ही इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणीं स्वाभाविक आहे व तींत कांहीं पाप नाहीं. परंतु तारुण्य टिकविण्यासाठीं जेव्हां मनुष्य चेहऱ्यांत सुईनें द्रव्य भरूं लागतो, आणि एकदां भरून न थांबतां पुनःपुन्हां भरीत राहतो, तेव्हां ह्या गोष्टीचा विचार करणें अवश्य होतें. मुंबईसारख्या शहरांत ‘फिलर’ नांवाचा हा उपचार आतां सर्रास चालतो. आणि वडखळच्या नाक्यावर अलिबागच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींच्या फोनवरही त्याच्या जाहिराती येऊन पोंचतात. म्हणून त्याची थोडी माहिती आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस असावी.

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. टिपूशीं १७९२ सालीं झालेल्या युद्धांत इंग्रजांच्या चाकरींतील कावसजी नांवाचा मराठा गाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें मेणाच्या पातळ तुकड्यानें नाकाचें माप घेतलें, तें कपाळावर पसरून आंखलें, आणि तेवढी कातडी खालीं वळवून नवें नाक घडविलें. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या एका मासिकांत छापली गेली व पाश्चात्य शस्त्रवैद्यांनीं तिचा धडा घेतला. तेथें तुटलेलें सांधावयाचें होतें. आज पुष्कळ ठिकाणीं कांहींच तुटलेलें नसतें.

सुईनें द्रव्य भरण्याचा प्रकार मात्र अलीकडचा. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाचे डॉक्टर गेर्सुनी यांनीं पॅराफिन वापरण्याची रीत पुढें आणली; परंतु तें शरीरांत सरकून गांठी होऊं लागल्या व ती रीत सोडावी लागली. हल्लीं बहुधा हायल्युरॉनिक आम्ल वापरतात. १९३४ सालीं न्यूयॉर्क येथें कार्ल मेयर व जॉन पामर यांनीं तें गाईच्या डोळ्यांतून वेगळें काढलें. आपल्या त्वचेंतही तें असतें, आणि पाणी धरून ठेवणें हा त्याचा गुण आहे. त्यामुळें तें जेथें भरावें तो भाग फुगतो व सुरकुती बुजते.

आतां अतिरेक कां होतो तें पाहूं. वयाबरोबर चेहऱ्याचें हाड झिजतें, चरबी कमी होऊन ओघळते, व त्वचा सैल पडते. भरणानें पोकळी भरेल, पण सैल त्वचा घट्ट होत नाहीं. ती ताणावयाची म्हणून अधिक भरलें जातें. दुसरें, हें द्रव्य वर्षभरांत विरून जातें अशी समजूत आहे. परंतु कांहीं रुग्णांच्या तपासणींत तें अनेक वर्षांनींही आढळलें आहे. म्हणजे जुन्यावर नवें सांचत जातें. तिसरें कारण मनाचें. आरशांतील सुजेला डोळे सरावतात, आणि कालचा भरलेला चेहरा आज अपुरा वाटूं लागतो.

ह्यांत धोकाही आहे. द्रव्य चुकून रक्तवाहिनींत गेलें तर त्वचा मरते. क्वचित् दृष्टिही कायमची जाते. हायल्युरॉनिक आम्ल विरघळविणारें औषध आहे, पण गेलेली दृष्टि तें परत आणील असा भरंवसा नाहीं. मुंबईची नटी उर्फी जावेद हिनें जुलै २०२५ मध्यें आपल्या ओठांतील भरण, चुकीच्या जागीं गेल्यामुळें, विरघळवून घेतलें व सुजलेला चेहरा सर्वांस दाखविला. अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें एकवीस वर्षांखालील मुलांसाठीं हीं द्रव्यें मंजूर केलेलीं नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

अपघातानें वा रोगानें ज्याचा चेहरा बिघडला, त्यानें जाणत्या डॉक्टराकडून उपचार अवश्य घ्यावा. त्यास कोणी हंसूं नये. परंतु आपल्या शेजारच्या पेणचा मूर्तिकार शाडूचा हात कोठें थांबवावा हें जाणतो. कारण माती वाढत गेली कीं मुखावरचा भाव बुजतो. मनुष्याच्या चेहऱ्यावरील रेषा तर त्याच्या हंसण्याच्या, काळजीच्या व श्रमाच्या खुणा होत. आईच्या कपाळावरील आंठी पुसून टाकावी असें कोणत्या मुलास वाटेल? देवानें दिलेला चेहरा स्वच्छ ठेवावा, उन्हापासून जपावा, आणि जे वय येईल तें प्रसन्नपणें धारण करावें, ह्यांतच खरी शोभा आहे.