कांजूरमार्ग : गावाचा रस्ता उपनगराचे नाव झाला

मध्य रेल्वेच्या धिम्या गाडीने ठाण्याकडे निघाले की विक्रोळीनंतर आणि भांडुपच्या आधी कांजूरमार्ग येते. हे नाव प्रवाशांच्या तोंडात इतके बसले आहे, की त्यात एक रस्ता दडलेला आहे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शेजारच्या विक्रोळी, भांडुप आणि नाहूर या स्थानकांना गावांचीच नावे मिळाली. कांजूरच्या वाट्याला मात्र नुसते गाव न येता गावाचा रस्ता आला.

मूळ कांजूर हे रुळांच्या पूर्वेला, ठाणे खाडीच्या अंगाला वसलेले साष्टीतील गाव. खाडीच्या काठाने मिठागरे, तर पश्चिमेला मुंबईहून निघून ठाण्यामार्गे थेट उत्तर हिंदुस्थानात जाणारा आग्रा रस्ता. या दोहोंच्या मधून १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पण त्या गाडीच्या वंशजांना कांजूरच्या शिवारात थांबायला शतकाहून अधिक काळ लागला. आग्रा रस्त्यालगत क्रॉम्प्टन ग्रीव्हजसारखे कारखाने उभे राहिले, वस्ती वाढली आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे स्थानक झाले.

रेल्वेच्या नावांत ‘रोड’ दोन प्रकारे येतो. नाशिक रोड, डहाणू रोड, सावंतवाडी रोड यांत तो ‘मूळ गाव येथून जरा दूर आहे’ एवढेच सांगतो. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड येथे मात्र खरोखरीचा रस्ता असतो आणि त्याच्यामागे एखादा गव्हर्नर उभा असतो. कांजूरमार्गाचे नाते पहिल्या घराण्याशी आहे. कांजूरकडे जाण्याचा मार्ग, हा त्याचा सरळ अर्थ. फक्त बारसे स्वातंत्र्यानंतर झाल्यामुळे ‘रोड’ऐवजी ‘मार्ग’ आला. हेच स्थानक पन्नास वर्षे आधी झाले असते, तर आज आपण बहुधा ‘कांजूर रोड’चे तिकीट काढले असते!

गंमत अशी, की साधारण त्याच सुमारास पश्चिमेकडच्या आग्रा रस्त्याचेही नाव बदलले. लालबहादूर शास्त्री यांचे ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे निधन झाले आणि पुढे शीव ते ठाणे या पट्ट्याला त्यांचे नाव देण्यात आले. व्यवहारात त्याचे ‘एलबीएस’ झाले, ही गोष्ट वेगळी. जुनी माणसे अजूनही ‘आग्रा रोड’च म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही, हा रस्ता कुठे जातो, हे त्या नावात तरी कळत होते. म्हणजे रुळांच्या एका बाजूला ‘मार्ग’ या शब्दाने जुने नाव पुसले, तर दुसऱ्या बाजूला त्याच शब्दाच्या आधाराने एका खेड्याचे नाव महानगराच्या नकाशावर टिकले.

ज्या वाटेमुळे हे सारे घडले, तिच्यावर मात्र ‘मार्ग’ चढलाच नाही. पूर्वेकडच्या पत्त्यांत ती आजही ‘कांजूर व्हिलेज रोड’ आहे. स्थानकाला संस्कृत, गावच्या रस्त्याला इंग्रजी, असा हा मुंबईचा उलटा न्याय.

कागदोपत्री गाव अजून भक्कम आहे. जमिनीच्या नोंदींत ‘मौजे कांजूर, तालुका कुर्ला’ असाच उल्लेख असतो. मेट्रोच्या कारशेडसाठी येथील १०२ एकर जागा राज्य सरकारने देऊ केली, तेव्हा ती मिठागराची म्हणून केंद्राने हक्क सांगितला आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. एरवी स्थानकापुरते ठाऊक असलेले कांजूर त्या काळात रोज मथळ्यांत झळकत होते.

या नावाला खरा धोका सरकारी ठरावांपेक्षा घरांच्या जाहिरातींचा आहे. पश्चिमेला तलावाशेजारच्या पवईचा भाव वधारला, तसे कांजूरमधले नवे मनोरे जाहिरातींत पवईचे शेजारी, कधी चक्क पवईचेच होऊ लागले. पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला नुसते ‘कांजूर गाव’ म्हटले, की तो अजून बरोबर जागी नेऊन सोडतो.