साध्या सायकलचं चाक बदलायचंय? पैसे मोजण्याआधी हे तपासून घ्या

चिखलदरा : तालुक्यातल्या गावांमध्ये शाळेला जाणारी पोरं-पोरी, दूध घालणारे, वावरात जाणारे असे अनेक जण आजही बिनगिअरच्या साध्या सायकलवर आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. 2022 मध्ये ही रक्कम 3500 वरून 5000 रुपये झाली. सायकल घरात येते, पण दोन पावसाळे गेले की चाक डुगडुगायला लागतं, रिंग गंजते, ब्रेक धरत नाही. मग दुकानदार म्हणतो, "चाकंच बदलून टाका." बदलायला हरकत नाही, पण काय बदलायचं हे कळलं नाही तर पैसा जातो अन् सायकल होती तशीच राहते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1118 मीटर उंचीवर आहे. परतवाड्याकडे घटांगमार्गे उतरा की धामणगाव गढीमार्गे, घाट लागतोच. त्यामुळे इथं चाकाचा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही, ब्रेक लागण्या-न लागण्याचा आहे.

आधी चाक फिरवून बघा

सायकल उलटी करा, चाक हातानं फिरवा. ब्रेकच्या रबराजवळ रिंग डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल तर चाकाला 'आऊट' आहे. स्पोक कमी-जास्त ताणून मिस्त्री तो काढून देतो, त्यासाठी नवं चाक लागत नाही. आता रिंग धरून आडवी हलवून पाहा. खटखट जाणवली तर हबमधले कोन ढिले आहेत किंवा छर्रे झिजले आहेत. छर्रे, कोन आणि ग्रीस बदललं की बहुतेक वेळा काम होतं. मात्र हबमधली छर्‍यांची वाटीच खड्डे पडून खराब झाली असेल तर हब बदलावा लागतो.

रिंगला तडा गेला असेल, गंजून पापुद्रे निघत असतील, खड्ड्यात आपटून काठ आत दबला असेल किंवा स्पोक पुन्हा पुन्हा तुटत असतील, तर मात्र रिंग किंवा पूर्ण चाक बदलायची वेळ आली असं समजा.

'सव्वीस'ची रिंग एकच नसते

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. '26 ची रिंग द्या' एवढं सांगून चालत नाही. 26 × 1.75 किंवा 26 × 2.125 लिहिलेल्या टायरची रिंग वेगळी आणि 26 × 1 3/8 लिहिलेल्या टायरची वेगळी. दोन्हीवर 26 असलं तरी हे टायर एकमेकांच्या रिंगवर बसत नाहीत.

खरा आकडा टायरच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. 47-559 असं लिहिलं असेल तर 47 ही टायरची रुंदी आणि 559 हा रिंगवर टायर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 26 × 1 3/8 वर 590 असतं, जुन्या मोठ्या काळ्या सायकलच्या 28 × 1 1/2 वर 635. हा शेवटचा आकडा जुळला तरच रिंग घ्या. दुकानात जाताना मोबाइलवर टायरच्या त्या आकड्याचा फोटो काढून न्या.

लोखंडी रिंग की अलॉय?

स्वस्त सायकलला चकचकीत लोखंडी रिंग असते. ती दणकट असते, पण तिचे दोन दोष आहेत. एक, ती गंजते. दुसरा दोष मोठा आहे. पावसात ओल्या गुळगुळीत लोखंडावर ब्रेकचं रबर घसरतं. कोरड्या रस्त्यावर जिथं सायकल थांबते, त्याच्या कितीतरी पुढे ती ओल्यात जाऊन थांबते. धुक्या-पावसाच्या घाटात ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

अलॉयच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगवर ओल्यातही रबर बरंच चांगलं धरतं. ती हलकी असते अन् लोखंडासारखी गंजत नाही. घेताना 'डबल वॉल' मागा. तिला आतून दुहेरी भिंत असते, त्यामुळे खड्ड्यात ती लवकर वाकत नाही. रिंगसोबत ब्रेकची रबरंही नवी टाका.

एक अट लक्षात ठेवा. जुन्या काळ्या सायकलला सळईचे ब्रेक असतात. त्यांची रबरं रिंगच्या बाजूला लागत नाहीत, आतल्या अंगाला लागतात. अशा सायकलला बाजूनं ब्रेक लागणारी अलॉय रिंग बसवली तर ब्रेकच लागणार नाही. तिथं एकतर त्याच जातीची रिंग घ्या, नाहीतर ब्रेकही बदला.

छिद्रं मोजा, हब पाहा

हबला जितकी छिद्रं तितकीच रिंगला हवीत. आताच्या बहुतेक सायकलींना पुढं-मागं 36-36 असतात. जुन्या काळ्या सायकलला पुढं 32 अन् मागं 40. माणसाचा अन् कॅरिअरवरच्या ओझ्याचा जास्त भार मागच्या चाकावर पडतो, म्हणून तिथं स्पोक जास्त. यावरून दुसरी गोष्टही कळते, ती म्हणजे पैसे एकाच चाकापुरते असतील तर मजबुतीसाठी मागचं चाक आधी करा. पण तक्रार ब्रेकची असेल तर पुढच्या चाकापासून सुरुवात करा, कारण थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो.

तयार चाक घेत असाल तर जुनं चाक सोबत न्या. एक्सलची जाडी अन् हबची रुंदी जुळली पाहिजे. 'चिमटा थोडा फाकवून बसवतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. जुना हब चांगला असेल तर नवी रिंग त्यावरच विणून घेणं स्वस्त पडू शकतं. मात्र रिंग बदलली की स्पोकची लांबीही बदलू शकते, ते आधीच विचारून घ्या.

घाट चढायचा असेल तर

नवं चाक बसवलं की सायकल चढावर पळेल, ही समजूत खरी नाही. रिंग हलकी झाली तरी चढावर फरक उलीसाच पडतो. चढासाठी मागचं फ्रीव्हील बदलणं जास्त कामाचं. समजा पुढच्या चक्रीला 44 दात अन् मागं 18 आहेत. 26 × 1.75 च्या चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास 5 मीटर जाते. मागं 22 दातांचं फ्रीव्हील टाकलं तर एका फेऱ्यात साधारण 4 मीटर जाईल, म्हणजे फेरे जास्त पण जोर कमी. सपाटीवर वेग थोडा घटेल. हबचे आटे जुळतात का ते पाहा, चेनला एखादी कडी वाढवावी लागेल.

पैसे कमी असतील तर हा क्रम ठेवा

1. ब्रेकची रबरं आणि तारा नव्या करा.
2. चाकाचा आऊट काढून, छर्रे-ग्रीस करून घ्या.
3. गोटे झालेले टायर बदला. टायरवर लिहिली तेवढी हवा ठेवा, कमी हवेनं सायकल जड चालते अन् रिंगला मार बसतो.
4. त्यानंतरच अलॉय रिंग किंवा नवं चाक.

नवं विणलेलं चाक आठ-पंधरा दिवस चालवलं की स्पोक थोडे सैल होतात. पुन्हा एकदा मिस्त्रीकडे नेऊन ताणून घ्या. हे टाळलं तर नवं चाकही डुगडुगायला लागतं.

लेकराला शाळेत पाठवण्याआधी दारासमोर एक चाचणी करा. दोन्ही चाकांवर पाणी टाका, सायकल हळू पळवा अन् ब्रेक दाबा. लगेच थांबली तर ठीक. नाही थांबली तर ब्रेक नीट होईपर्यंत ती सायकल घाटात नेऊ देऊ नका. उतारावर पायी उतरलेलं बरं.