उतारा खरा, पण शिळा : सामायिक फाइलींच्या जुन्या प्रतींचा प्रश्न

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके. खरिपाच्या तोंडावर या सर्वच तालुक्यांत पीककर्जासाठी सातबारा उताऱ्यांची मागणी वाढते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये हक्कातील बदल प्रथम फेरफार नोंदवहीत लिहिला जातो आणि हरकतींची मुदत संपून नोंद प्रमाणित झाल्यावर अधिकार अभिलेखात उतरतो. एखाद्या शेतकऱ्याचा फिटलेल्या कर्जाचा बोजा मूळ अभिलेखातून उतरला. परंतु त्याच्या हातातील उतारा त्यापूर्वीचा असला, तर नव्या कर्जाचे काम खोळंबते. असा उतारा खोटा नसतो. तो शिळा असतो.

हाच प्रश्न संगणकांच्या जाळ्यातही उद्भवतो. लाभार्थ्यांची यादी मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, दुरुस्त झालेली असते; शेजारच्या मेजावर मात्र जुनीच यादी दिसते. तीवरून निर्णय झाल्यास पात्र व्यक्ती वंचित राहते.

असे का घडते?

प्रत्येक वेळी सर्व्हरकडे विचारणा करावी लागली, तर काम मंदावेल. म्हणून प्रत्येक संगणक वाचलेल्या मजकुराची प्रत काही काळ स्वतःजवळ ठेवतो. या साठ्यास ‘कॅशे’ म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली विकसित केलेली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ याच तत्त्वावर चालते. लिनक्स प्रणालीत फाइलीचा आकार व बदलाची वेळ ही माहिती सर्वसाधारणपणे ३ ते ६० सेकंद, तर फोल्डरची ३० ते ६० सेकंद ग्राह्य धरली जाते. फाइल बंद करताना बदल सर्व्हरकडे जातात आणि ती पुन्हा उघडताना सर्व्हरकडे नव्याने विचारणा होते. याखेरीज, ज्या प्रोग्राममध्ये यादी उघडलेली असते, तोही तिची प्रत आपल्या स्मृतीत ठेवतो. सकाळी उघडलेली यादी सायंकाळपर्यंत तशीच राहिली, तर मधल्या काळातील दुरुस्ती तीत दिसेलच असे नाही.

दोष कसा शोधावा?

प्रथम सर्व्हरवरच फाइलीची वेळ व आकार पाहावा. तेथेही जुनाच मजकूर असल्यास दोष कॅशेचा नव्हे. दुरुस्ती करणाऱ्याने ती जतन केलेली नसावी, किंवा वेगळ्याच प्रतीत केली असावी. सर्व्हरवर नवा मजकूर असेल, तर तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडावी. तेथे ती ताजी दिसल्यास दोष पहिल्या संगणकाच्या प्रतीत आहे, हे निश्चित होते. त्या संगणकावरील फाइल बंद करावी, मिनिटभर थांबावे व ती पुन्हा उघडावी. बहुतेक वेळा एवढे पुरते. विंडोज प्रणालीत जाळे तुटले तरी काम चालावे म्हणून स्थानिक प्रत ठेवण्याची सोय असते; ती चालू असल्यास प्रतींचा मेळ बसला आहे काय, हे तपासावे. सर्व संगणकांची घड्याळे एका वेळेवर असावीत. अन्यथा नवी प्रत कोणती, हे ठरविताना फसगत होते.

‘स्टेल फाइल हँडल’ असा संदेश आल्यास मात्र प्रकार निराळा समजावा. संगणकाजवळ असलेली फाइलीची खूण सर्व्हरवर आता वैध नसते; बहुधा मूळ फाइल काढून टाकलेली किंवा बदललेली असते. अशा वेळी फोल्डरमधून बाहेर पडून पुन्हा आत जावे. तरीही अडचण राहिल्यास तंत्रज्ञाकडून जोडणी नव्याने करून घ्यावी.

कॅशेच बंद करावा काय?

तसे करता येते. परंतु सर्वच कामाचा वेग घटतो. शिवाय दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलीत लिहिल्यास एकाचे लेखन पुसले जाण्याचा धोका उरतोच. त्यासाठी फाइलीस कुलूप लावण्याची व्यवस्था, अथवा दुरुस्तीचा अधिकार एकाकडेच ठेवण्याची शिस्त हवी.

छापील यादीवर तारीख व वेळ असावी, ही जुनी कार्यालयीन रीत येथेही उपयोगी पडते. प्रत स्वतःचे वय सांगत नाही. म्हणून कोणाचा अर्ज नामंजूर करण्यापूर्वी मूळ नोंद एकदा पाहणे, हा या साऱ्या उपायांतील सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय होय.