हिरवळीच्या जागी रानफुले: मिनेसोटातील सार्वजनिक अनुदान

अमेरिकेत घराभोवती राखली जाणारी, वारंवार कापली जाणारी गवताची हिरवळ परागवाहकांना, म्हणजे एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेणाऱ्या कीटकांना, जवळजवळ उपाशी ठेवते. अशी हिरवळ काढून स्थानिक फुलझाडे लावणाऱ्या रहिवाशांना साहाय्य करण्यासाठी मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये ९ लाख डॉलर मंजूर केले आणि 'लॉन्स टू लेग्यूम्स' ही योजना राज्याच्या जल व मृदा मंडळाकडे सोपवली. हे मंडळ निवडण्यामागील औचित्य उघड आहे, कारण प्रेअरीतील, म्हणजे तेथील मूळ गवताळ प्रदेशातील, अनेक वनस्पतींची खोल मुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यास मदत करतात.

योजनेच्या केंद्रस्थानी 'रस्टी पॅच्ड बंबलबी' ही पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेली केसाळ रानमाशी असून, २०१७ मध्ये तिची नोंद संघराज्याच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली. तिची वसाहत एकाच हंगामापुरती टिकते. थंडी पडू लागली की कामकरी माश्या आणि जुनी राणी मरतात, केवळ नव्या फलित राण्या जमिनीत हिवाळा काढतात आणि वसंतात त्यांतील प्रत्येकीला एकटीने वसाहत उभारावी लागते. त्यामुळे वसंतारंभापासून शरदाच्या अखेरीपर्यंत तिच्या उड्डाणाच्या टप्प्यात काही ना काही फुललेले असावे लागते. ही साखळी एका अंगणात पूर्ण होत नाही, आणि लाभ मालकाच्या कुंपणापाशी थांबत नसल्यामुळेच येथे सार्वजनिक पैसा खर्च करणे न्याय्य ठरते.

प्रारंभी निवडलेल्या रहिवाशाला ३५० डॉलरपर्यंतच्या खर्चाची भरपाई मिळे आणि २५ टक्के वाटा त्याने रोख किंवा श्रमाच्या रूपाने उचलावा, अशी अट होती. श्रमाचे मोल धरणे योग्यच. मात्र आधी खर्च आणि मग भरपाई ही पद्धत गाठीशी पैसा नसलेल्या कुटुंबांना दूर ठेवते, व ती बदलायला हवी. बारीक पात्याच्या गवतात पांढरा क्लोव्हर मिसळलेली 'बी लॉन' हीदेखील अनुदानास पात्र आहे. क्लोव्हर माश्यांना मकरंद देतो हे खरे, परंतु तो मूळचा युरोपीय आहे. आणि ज्या राज्यात मूळ प्रेअरीचा दोन टक्क्यांहून कमी भाग उरला आहे, तेथे अनुदानाचा मोठा वाटा मोनार्डा, जांभळा प्रेअरी क्लोव्हर, अ‍ॅस्टर अशा स्थानिक वनस्पतींकडेच जायला हवा.

अंगणातील गवताच्या उंचीवर मर्यादा घालणारे नगरपालिकांचे नियम ही अशा लागवडीपुढची जुनी अडचण होती. २०२३ मध्ये राज्याने कायदा करून, निगा राखलेली नैसर्गिक लागवड आठ इंचांहून उंच वाढली तरी तिला परवानगी देणे शहरांवर बंधनकारक केले.