चार सळया आणि कचऱ्याचं काळं पाणी

जत-आटपाडीच्या माळावर विहिरीचा पॉइंट दाखवायला गेलो की बहुतेक वेळा माझ्याआधी पाणाड्या येऊन गेलेला असायचा. माझ्याजवळ चार लोखंडी सळया, वायरची रिळं, बॅटरी आणि मीटर. सळया एका रेषेत घणानं ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या सळया लांब नेल्या की वीज खोल उतरते. कोरडा काळा कातळ विजेला अडवतो, तिथं अडथळ्याचा आकडा शेकड्यांत जातो. भिजलेल्या मुरमात तो तीस-चाळिसांवर येतो. १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये कोनराड श्लुंबर्जे यांनी खनिजं शोधण्यासाठी असे प्रयोग सुरू केले होते.

हाच मीटर जुन्या कचरा डेपोची गळती दाखवू शकतो. सांगलीचा समडोळी रस्ता, मिरजेचा बेडग रस्ता, साताऱ्याचं सोनगाव, इथं वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडला. पावसाचं पाणी त्या ढिगातून झिरपताना क्षार विरघळवून घेतं, काळं होतं आणि उताराला लागतं. क्षारांमुळे त्यातून वीज सहज वाहते, म्हणून ते जिथं पोचलं असेल तिथं आकडा कोसळतो.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं, कचऱ्याच्या भरावाखाली ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाड प्लास्टिकचं अस्तर हवं. भराव बंद केल्यावरही किमान १५ वर्षं त्याची देखभाल हवी, असंही त्यांत होतं. पण उघड्यावर वाढलेल्या जुन्या ढिगांखाली अस्तर कुठलं!

बोअर मारून का पाहू नये? आपल्या कातळात पाणी भेगांतून पळतं. भेगेपासून दहा फुटांवर मारलेल्या बोअरला स्वच्छ पाणी लागतं आणि सगळे निर्धास्त होतात. शिवाय ढिगातूनच बोअर नेला तर काळ्या पाण्याला खाली उतरायला आपणच वाट करून देतो. आता डझनावारी सळया एकदम लावून संगणकावर जमिनीचा उभा छेद काढता येतो. तो आधी बघावा, मग बोअरची जागा ठरवावी.

मात्र मीटरवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. कृष्णाकाठच्या एका उसाच्या रानात माझा आकडा थेट चारवर आला. जवळ उभे असलेले आण्णा म्हणाले, "लागलं न्हवं पाणी, साहेब?" पाणी होतंच, पण पायाखालची माती पांढरी फुललेली, ऊस गुडघ्याएवढा खुरटलेला. रान क्षारपड. आसपास कुठंही डेपो नव्हता. शेजारी एखादा असता तर मी तो आकडा बेधडक कचऱ्याच्या माथी मारला असता. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. डेपोच्या खालच्या अंगाला मोजता, तसंच वरच्या अंगालाही मोजायला हवं. आणि विहिरीच्या पाण्यात क्लोराइडबरोबर अमोनियाही तपासायला हवा, कारण क्षारपड रानात क्लोराइड एरवीही सापडतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेत असे मीटर हाताळलेली माणसं आहेत. त्यांनी सळयांची पहिली ओळ डेपो आणि उतारावरची पहिली विहीर यांच्यामध्ये घालावी, मे महिन्यात, पावसाळा यायच्या आत. तिथं खुणेचे दगड रोवून ठेवावेत, आणि दिवाळीनंतर त्याच दगडांपाशी पुन्हा सळया ठोकाव्यात.