घरचे भांडण दुकानाच्या दारात
नोकरदार बाईच्या संरक्षणासाठी मालकाला काय करता येते?

सकाळचे अकरा वाजले आहेत. रविवार पेठेतल्या एखाद्या घाऊक दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. शटर वर गेले, गिऱ्हाईक सुरू झाले, आणि बिलाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचा नवरा रस्त्यात उभा राहून शिवीगाळ करू लागला. येणारे-जाणारे थांबून बघतात, शेजारचे दुकानदार ओट्यावर येतात. अशा वेळी मालक काय करतो? बहुतेक ठिकाणी बाईंना आत बोलावून शांतपणे सांगितले जाते, "बाई, हा तुमच्या घरचा मामला आहे. आधी तो मिटवा, मग कामावर या." शब्द सौम्य असतात, पण नोकरी गेलेली असते.

मालक दुष्ट असतो असे आमचे म्हणणे नाही. बाजारात नाव सांभाळावे लागते, चार माणसांची रोजी त्या दुकानावर असते. पण त्या एका वाक्याने काय घडते ते पाहावे. नवऱ्याला बायकोची कमाई बंद पाडायची होती. ती त्याला पाडता येत नव्हती, मालकाने पाडून दिली. आता घरभाड्याला पैसे नाहीत म्हणून ती बाई त्याच घरात परत जाणार. उद्या दुसऱ्या दुकानात काम मिळाले तरी नवऱ्याला युक्ती कळलेली आहे, पुन्हा रस्त्यात उभे राहायचे.

मार सोसणारी बाई घर सोडून बहिणीकडे जाऊ शकते, फोनचा नंबर बदलू शकते. बदलत नाही ते एकच, कामाचे ठिकाण. कोंढव्याहून कॅम्पात रोज साडेदहाला येणारी बाई रोज साडेदहालाच येणार आणि रात्री आठला त्याच बसथांब्यावर उभी राहणार. तिला गाठायचे तर कुठे, हे नवऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही. म्हणून घरातला हिंसाचार चार भिंतींत राहत नाही, तो दुकानाच्या दाराशी येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे चौथा हिस्सा बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. तेव्हा हा प्रश्न आपल्या दुकानात नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. मारहाण तर त्यात आहेच, पण नोकरी करू न देणे, कामात अडथळा आणणे, पगार काढून घेणे यांनाही त्याच्या नियमांनी हिंसाचारच ठरवले आहे. "तलाक झाला, आता कसला हिंसाचार?" असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. सप्टेंबर २०१४ मध्ये एका मुस्लिम महिलेच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विवाह टिकून असताना केलेल्या हिंसाचाराची जबाबदारी पुढे विवाह संपला म्हणून टळत नाही. ऑक्टोबर २०१६ च्या दुसऱ्या एका निकालाने सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे दुकानात येऊन गोंधळ घालणारी सासू असली तरी उपाय आहे.

व्यापाऱ्याने या कायद्यातले कलम १८ लक्षात ठेवावे. त्याखाली मॅजिस्ट्रेट संरक्षण आदेश देतात. त्या आदेशात नवऱ्याला बायकोच्या नोकरीच्या ठिकाणी पाऊल टाकण्यास मनाई करता येते. फोन करणे, चिठ्ठी पाठवणे, मोबाइलवर संदेश धाडणे हेही बंद करता येते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणजे आदेश हातात असताना तो माणूस दुकानात शिरला, तर पोलिसांनी "घरगुती भांडण आहे" म्हणून परत फिरण्याचे कारण उरत नाही. मात्र या आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला जाते, दुकानाला जात नाही. बाईंकडून एक झेरॉक्स मागून घ्यावी आणि गल्ल्याच्या कप्प्यात ठेवावी.

अर्ज कुठे करायचा याचे उत्तर पुष्कळांना ठाऊक नसते. बाई जिथे राहते तिथे तर करता येतोच, पण कलम २७ प्रमाणे ती जिथे नोकरी करते तिथल्या कोर्टातही करता येतो. सासर दुसऱ्या जिल्ह्यात असले आणि काम पुण्यात असले, तर तिने दर तारखेला एस.टी.ने सासरच्या गावी जाण्याची गरज नाही. पण त्यासाठी ती इथे कामाला आहे हे दिसले पाहिजे. आपल्या पेठांतल्या किती दुकानांत नेमणुकीचे पत्र दिले जाते? पगार हातात, हजेरी वहीत, आणि वही मालकाच्या घरी! लेटरहेडवर चार ओळींचा दाखला द्यायला काही खर्च येत नाही, त्या बाईला मात्र त्याचा मोठा आधार होतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लावावी असे कायदा सांगतो, आणि तातडी असेल तर नवऱ्याचे म्हणणे ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर उत्पन्न कितीही असो, बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कचेरी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे.

कोर्टाचा आदेश येईपर्यंत, आणि आल्यावरही, दुकानात काही साध्या सोयी कराव्या लागतात. पहिली म्हणजे बसण्याची जागा. रस्त्यालगतच्या काउंटरवरून आतल्या टेबलावर हलवावे. पण घाईघाईने तिला मागच्या गोदामात एकटीला पाठवू नये. तिथे कोणी शिरला तर हाक ऐकू जात नाही, आणि दारही बहुधा एकच असते. दुसरी गोष्ट वेळेची. रोज अर्धा तास मागेपुढे केला तरी पाळत ठेवणाऱ्याचा हिशेब चुकतो. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत दुकानातली दुसरी बाई किंवा विश्वासू पोऱ्या बरोबर द्यावा. कॅम्पात एक आणि हडपसरला एक अशी दोन दुकाने असतील तर काही महिने दुसरीकडे काम देता येईल, मात्र तिच्या संमतीने आणि पगारात कपात न करता. नाहीतर सोय म्हणून केलेली बदली ही शिक्षाच ठरते.

फोनच्या बाबतीत आपण फार बेफिकीर असतो. "त्या आज सुटीवर आहेत", "त्या जेवायला गेल्यात", "पाचला सुटतील", अशी माहिती आपण कोणालाही देतो. सर्वांना एकच वाक्य पढवून ठेवावे, "निरोप सांगा, पोहोचवतो." कामाच्या पाळ्या व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकण्याची पद्धत असेल तर त्या बाईंची पाळी तोंडी सांगावी, कारण तिचा मोबाइल घरी कोण चाळत असेल ते आपल्याला दिसत नाही. तिचा नवा पत्ता वहीत सर्वांना दिसेल असा लिहू नये.

पगाराचे तर सांगायलाच हवे. "ती आजारी आहे, तिचा पगार माझ्याकडे द्या" म्हणून नवरा आला तर देऊ नये. उचलही देऊ नये. बायकोची कमाई तिची स्वतःची मिल्कत आहे, हे शरियतमध्येही स्पष्ट आहे, आणि हे आपल्या वाचकांना नव्याने शिकवायला नको. पगार जॉइंट खात्यात जात असेल आणि बाईने खाते बदलून मागितले, तर का म्हणून न विचारता बदलून द्यावे.

नवरा आलाच तर? दुकानातल्या जवानांनी त्याची गचांडी धरू नये. हातघाई झाली की कोर्टात त्याचीच बाजू भक्कम होते. एकाने बाईंना आत न्यावे, एकाने ११२ ला फोन लावावा, शटर अर्धे खाली घ्यावे. शेजारच्या दोन दुकानदारांना आधीच कल्पना दिलेली असली तर फार उपयोग होतो, पण तीही बाईंना विचारूनच. घटना झाल्यावर तारीख, वेळ आणि कोण हजर होते ते एका वहीत लिहून ठेवावे. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी त्याची नक्कल काढून घ्यावी. ते कोर्टात द्यायचे झाल्यास २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत दाखला लागतो. तो कसा लिहायचा हे वकील सांगतील.

एक गोष्ट मात्र मालकांनी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पेठेतला वडीलधारा म्हणून नवऱ्याला दुकानात बोलावून समेट घडवायला बसू नये. हेतू चांगला असतो, पण बाईने दुकानात विश्वासाने सांगितलेले सारे त्या बैठकीत नवऱ्याच्या कानावर जाते आणि रात्री घरी त्याचा जाब विचारला जातो. समुपदेशन हे जाणत्यांचे काम आहे. पुण्यात १९८२ साली विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, तेव्हापासून या शहरात हे काम चालत आले आहे. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्याचा हक्क कायद्याने कोणालाही, म्हणजे मालकालाही, दिला आहे. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दावा होऊ शकत नाही. तरीही बाईला न विचारता खबर देऊ नये, जीवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी.

रजेचा प्रश्न राहतो. कोर्टाच्या तारखा, दवाखाना, नवी खोली शोधणे, यांना दिवस लागतात. फिलिपाइन्सने २००४ सालीच अशा बायकांना दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडने २०१९ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून तशी रजा सुरू केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या करारातही घरच्या हिंसाचाराचा कामावर होणारा परिणाम कमी करण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे या कारणासाठी वेगळी रजा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे. कायदा लागू होण्यासाठी कामगारसंख्येची अट असते, ती आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्यावी. पण छोट्या दुकानालाही तारखेच्या दिवशी अर्धा दिवस सोडणे जड जाऊ नये.

घरी शिलाई, पॅकिंगचे काम देणाऱ्या कारखानदारांची गोष्ट निराळी. तिथे घर हेच कामाचे ठिकाण असते. नवरा माल फाडतो, मजुरी स्वतः घेऊन जातो, आणि नुकसान बाईच्या हिशेबात लागते. अशा बाईला दिवसा कारखान्यात एक मशीन मोकळे करून दिले तर तिचे काम आणि तुमचा माल दोन्ही वाचतात.

घर सोडायचे ते बाईनेच, हेही आपण गृहीत धरून चालतो. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन असताना पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केले होते की बायकोला त्रास देणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर काढून विलगीकरणात ठेवले जाईल. २००५ च्या कायद्यातही मॅजिस्ट्रेटना नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा आदेश देता येतो.

आणि तो मारणारा माणूस तुमच्याच दुकानात कामाला असला तर? कोर्टाने ठरवून दिलेला खर्च त्याने बायकोला दिला नाही, तर कलम २० खाली मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला हुकूम देऊ शकतात की पगारातला अमुक भाग थेट तिला द्या किंवा कोर्टात भरा. तसा कागद आला तर तो नोकराच्या हातात देऊन "बघून घे" म्हणू नये. तो हुकूम मालकावर असतो. पगाराच्या दिवशी तेवढी रक्कम वेगळी काढून पाठवावी आणि पावती फाईलला लावावी.